खुर्चीवरचा साहेब कोण?

ढाक्यातल्या शरणागतीचा तो फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. १६ डिसेंबर १९७१, रमणा रेसकोर्स, साधंसं टेबल, सही करणारे नियाझी आणि शेजारी पगडीतले जगजितसिंग अरोरा. या दोघांची नावं कुणीही सांगतं. मागे उभे असलेले कोण, असं विचारलं की चांगले वाचणारेही गप्प होतात. डावीकडून व्हाइस ॲडमिरल कृष्णन, एअर मार्शल देवान, लेफ्टनंट जनरल सगतसिंग. उजवीकडे मेजर जनरल जेकब आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारे फ्लाइट लेफ्टनंट कृष्णमूर्ती. मायक्रोफोन धरून उभे आहेत ते आकाशवाणीचे सुरजित सेन. मुक्तिवाहिनीच्या वतीनं ग्रुप कॅप्टन ए. के. खोंदकर त्या समारंभाला हजर होते, हे तर फोटो शंभरदा पाहूनही कुणाच्या गावी नसतं.

इतक्या गाजलेल्या फोटोची ही गत, तर अमळनेरच्या जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये पडलेल्या फोटोंचं काय? पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कोपरे कुरतडलेले, तीन-चार रांगांत फौजी बसलेले. खानदेशात पलटणीचा इतिहास काढला की गाडी पहिल्यांदा धरणगावला थांबते. रेल्वेनं अमळनेरच्या पुढचं हे गाव म्हणजे १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रमनं उभ्या केलेल्या खानदेश भिल्ल कोअरचं ठाणं. औट्रमची तैलचित्रं आहेत, पुतळे आहेत. त्याच्या हाताखालच्या भिल्ल शिपायांचे चेहरे मात्र मिळत नाहीत. पुढे कॅमेरा आला तेव्हाही हा भेद फारसा मिटला नाही. १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत माणसांचे फोटो भरपूर आहेत, पण खाली बहुधा जमातीचं नाव, माणसाचं नाही.

ओळख पटवायला बसलेला नवशिका आधी चेहरा पाहतो. माझ्या मते चेहरा हा सगळ्यात लबाड पुरावा. मिशा, फेटा आणि तिशीतलं वय एवढ्यावर निम्मी पलटण एकमेकांची भावंडं वाटते. चेहरा शेवटी ठेवावा आणि आधी कापड, पितळ, पुठ्ठा वाचावा.

अमळनेरातल्या एका शेजाऱ्यानं असाच एक समूहफोटो आणून दिला. मागच्या रांगेतल्या एकावर बोट ठेवून म्हणाला, “हाऊ मना आजला, फौजमा व्हता.” मधल्या खुर्चीवर गोरा साहेब, त्याच्या उजव्या हाताला फेटेवाला वयस्क अधिकारी, पायाशी एक कुत्रा. पुठ्ठ्यावरचं स्टुडिओचं नाव फाटलेलं, पाठीमागं कोरं. भिंग लावल्यावर खांद्याच्या पट्टीवरचे पितळी आकडे दिसले : ११७. इथून गाठ सुटू लागते. मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे आकडे १९०३ मध्ये किचनरच्या फेररचनेत मिळाले आणि १९२२ मध्ये या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणजे तीन आकडी पितळ दिसलं की फोटो या एकोणीस वर्षांतला. शिवाय साहेबाच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या वर, एक उभी बारीक पट्टी होती. जखमी झाल्याची ही खूण ब्रिटिश फौजेत १९१६ साली आली. ११७ वी पलटण तर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडलं तेव्हा तुर्कांच्या कैदेत गेली. तेव्हा हा फोटो नव्यानं भरलेल्या पलटणीचा, नाहीतर कैदी परतल्यानंतरचा.

आता खुर्चीवरचा फेटेवाला. त्याच्या खांद्यावर मुकुट. मुकुट म्हणजे मेजर, असं म्हणून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. पण सुभेदार मेजरही मुकुटच लावत असे, जसा जमादार एक तारा आणि सुभेदार दोन. त्या काळी हिंदी माणूस पलटणीत मेजर असणं जवळपास अशक्य, आणि समूहफोटोत कमांडिंग ऑफिसरच्या शेजारची खुर्ची सहसा सुभेदार मेजरची असे. एका वेळी पलटणीत सुभेदार मेजर एकच असल्यानं फोटोचं वर्ष पक्कं झालं की इंडियन आर्मी लिस्ट उघडायची, ११७ वीचं पान काढायचं, आणि नाव समोर येतं. साहेबाचंही तसंच. वर्ष डळमळीत असेल तर दोन-तीन नावं हाती येतात. मग पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घालून थांबायचं.

मागच्या रांगेतला ‘आजला’, म्हणजे शेजाऱ्याचा आजोबा, मात्र त्या यादीत नाही. ती यादीच मुळी अधिकाऱ्यांची. ज्याचं नाव घरात ठाऊक होतं तो मागच्या रांगेतला, आणि ज्याचं सरकारनं छापलं तो खुर्चीवरचा. दोघांची गाठ ट्रंकेतल्या त्या एका पुठ्ठ्यावरच पडते.

अधिकाऱ्याचं नाव ठेवायचं आणि शिपायाचं नाही, हा कल दूरवर दिसतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे. तिथं हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. शिपायांचा नुसता आकडा लिहिला. कॉमनवेल्थच्या युद्धकबर आयोगानं २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ अशा मजकुराची दगडी पाटी आजही दिसते. तिच्यावरही आकडेच. बर्लिनजवळच्या वुन्सडॉर्फ आणि झॉसनच्या छावण्यांत ऑटो स्टील यानं हिंदी कैद्यांचे फोटो काढले, ते बिननावाचे. त्याच छावण्यांत जर्मन भाषातज्ज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, तेव्हा प्रत्येकाचं नाव, जन्मगाव, भाषा मात्र फॉर्मवर नीट भरून घेतली. आवाजाला नाव आहे आणि चेहऱ्याला नाही, असा उफराटा कारभार.

रंगांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इथे जाणतेही फसतात. १९२० च्या आसपासपर्यंत स्टुडिओतल्या काचेवर तांबडा रंग उमटतच नसे. तांबडं काळं दिसे, पिवळं गडद आणि निळं फिकट. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची फीत गडद निळी, मध्ये किरमिजी पट्टा. जुन्या फोटोत ती फिकट कडांची आणि मधोमध काळी दिसते, आणि पाहणारा भलतंच पदक शोधत बसतो. आजकाल मोबाइलवर जुना फोटो रंगवून देणारी ॲपं निघाली आहेत. ती फितींना स्वतःच्या मनानं रंग देतात. असा रंगवलेला फोटो ओळखीसाठी कुणाला पाठवू नये, मूळ राखाडीच पाठवावा.

पदकं कुठल्या छातीवर आहेत हेही पाहावं. ज्याची पदकं त्यानं ती डावीकडे लावायची. उजवीकडे दिसली तर एक तर निगेटिव्ह उलटी छापलेली (कोटाची बटणं कुठल्या बाजूला लागली आहेत ते पाहिलं की कळतं), किंवा फोटोतला माणूस वारलेल्या बापाची पदकं लावून उभा आहे. दुसऱ्या शक्यतेत ‘शूर अधिकारी’ म्हणून आपण त्याच्या मुलाला हार घालत असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या फोटोंना सोपी कसोटी आहे. खांद्यावर मुकुट असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा धरावा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. ‘जमादार’ हा हुद्दा १९६५ मध्ये नायब सुभेदार झाला, त्यामुळे पाठीमागची शाईसुद्धा काळ सांगते.

हुद्दा सारखाच असेल तर? जानेवारी १९४५ मध्ये आराकानात कांगावच्या लढाईत ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते : कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघेही लेफ्टनंट कर्नल, तिघांच्या खांद्यावर मुकुट आणि तारा, पुढे तिघांनाही डीएसओ मिळालं. बाहीवर २५ व्या डिव्हिजनचा इस्पिकचा एक्का, तोही एकच. अशा वेळी टोपीवरचा बिल्ला कामाला येतो, कारण थोरात दुसऱ्या पंजाबचे, थिमय्या एकोणिसाव्या हैदराबादचे, सेन दहाव्या बलुचचे. जंगलात बिल्ले काढून ठेवले असतील तर मात्र तिघांचे नंतरचे, नावानिशी छापलेले फोटो शेजारी ठेवावे लागतात. आणि चेहऱ्याची पाळी इथे येते. कान पाहावेत. मिशी येते-जाते, अंग सुटतं, पण कानाची घडण फारशी बदलत नाही.

छापील ओळींवर विश्वास किती ठेवायचा, याला उत्तर म्हणून मी नेहमी तंगाईल सांगतो. ११ डिसेंबर १९७१ ला दुसरी पॅरा बटालियन, म्हणजे पूर्वीची तिसरी मराठा, तंगाईलजवळ छत्र्यांनी उतरली. त्या उडीचा फोटो वेळेत हाती नव्हता, म्हणून लष्कराच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या राममोहन राव यांनी आग्र्याच्या आधीच्या एका सरावाचा फोटो देऊन टाकला. आकाशभर छत्र्या पाहून जगानं हजारो सैनिक उतरल्याचं मानलं. युद्धाच्या दृष्टीनं नामी काम, पण त्या फोटोत आपले आजोबा शोधणाऱ्या घराला ते आग्र्यात सापडणार!

नाव लिहिणाऱ्या परक्या कारकुनाचीही तीच तऱ्हा. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर केंब्रिजला शिकून रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक अधिकारी झाले. जून १९१८ मध्ये फ्रान्सवर उडताना ते बेपत्ता झाले आणि जर्मनांच्या हाती पडून वारले. जर्मनांनी पुरताना नाव असं काही मोडून लिहिलं, की युद्ध संपल्यावर ती कबर त्यांचीच आहे हे शोधून काढावं लागलं. आज हँगार्डच्या दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड आहे. फोटोखालच्या इंग्रजी, फ्रेंच, जर्मन नोंदीत आपलं आडनाव दिसलं नाही म्हणून पान उलटू नये; मोठ्यानं वाचून पाहावं.

दिवाळीच्या साफसफाईत असा फोटो निघाला, तर फ्रेममधून ओढून काढू नका, चिकटलेला असेल तर फाटेल. आधी मागची बाजू पाहा. पुठ्ठ्यावरचा स्टुडिओचा छाप, गावाचं नाव आणि आकडा यांची वेगळी नोंद करा. सैनिकी आकड्याआधी ‘आयसी’ असेल तर तो कमिशन मिळालेला अधिकारी, ‘जेसी’ असेल तर नायब सुभेदार ते सुभेदार मेजर यांपैकी. मराठा पलटणीचे कागद बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असतात, आणि पत्र कसं घालायचं हे जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजतं. दोन्ही बाजूंचं मोठं स्कॅन सोबत द्या. व्हॉट्सअपवर फिरलेल्या प्रतीत खांद्याचं पितळ पुसट होतं. आणि घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला मागच्या रांगेतला कोण हे ठाऊक आहे, त्याच्याकडून ते आधी लिहून घ्या, मऊ पेन्सिलीनं, फोटोच्या मागे, कडेला.