खिशातला व्हिडिओ, आजीच्या टीव्हीवर

मोबाईलमधल्या व्हिडिओची डीव्हीडी करायची आहे, असं आज होस्टेलमध्ये कोणी म्हटलं की समोरचा आधी हसतो. "कावून बे, पेनड्राईव्ह मेले काय?" त्याचंही बरोबर आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचा ड्राईव्हच येत नाही. पण आपल्या वऱ्हाडात, अकोट-दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खेड्यांत, अजूनही अशी घरं आहेत जिथे कोणाच्या तरी लग्नाची डीव्हीडी पाहायला घेतलेला प्लेअर जुन्या टीव्हीखाली कापडानं झाकून ठेवलेला असतो. त्याला पेनड्राईव्ह लावायला जागा नसते. आणि त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रिमोटची दोन बटणं कळतात, टचस्क्रीन नाही.

माझ्या रूम पार्टनरचं घर असंच. त्याचे आजोबा गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. २००८ साली त्याच्या काकांनी मोबाईलवर त्यांच्या चार क्लिपा काढल्या होत्या. आजोबा २०११ मध्ये गेले. आता त्यांचं हलतं-बोलतं असं घरात काही असेल तर त्या चार क्लिपा, सगळ्या मिळून ९ मिनिटं. आजीची एवढीच मागणी होती की ते टीव्हीवर मोठं दिसावं आणि मनात येईल तेव्हा लावता यावं. हे काम आम्ही दोघांनी मिळून केलं. त्यात जे समजलं ते इथे मांडतो, कारण असं मेमरी कार्ड बहुतेकांच्या घरी कुठल्यातरी डब्यात पडलेलं असणार.

डबा वेगळा, भाजी वेगळी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फाईलच्या नावापुढे जे थ्रीजीपी, एमपीफोर, व्हीओबी असं लागतं, तो नुसता डबा आहे. मेसच्या डब्यासारखा. आत कोणती भाजी आहे ते डब्यावरून कळत नाही. जुन्या फोनच्या थ्रीजीपी डब्यात बहुधा एच.२६३ पद्धतीनं दाबलेलं चित्र आणि एएमआर पद्धतीचा आवाज असतो. आजच्या फोनच्या डब्यात एच.२६४ किंवा एच.२६५ चित्र आणि एएसी आवाज असतो. डीव्हीडी प्लेअरला हवं असतं एमपीईजी-२ चित्र, आणि आवाज एसी-३, एमपी-२ किंवा पीसीएम यांपैकी एखाद्या पद्धतीचा.

म्हणून बरेच जण करतात तसं फाईलचं नाव बदलून काहीही होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलल्यानं वांग्याची भाजी पनीर होत नाही! भाजी नव्यानंच शिजवावी लागते. त्यालाच आपण कन्व्हर्ट करणं म्हणतो.

प्लेअर एवढा हट्टी का?

डीव्हीडी प्लेअर पहिल्यांदा जपानमध्ये १९९६ साली बाजारात आला. त्याच्या आतली चिप ठरावीक नियमांचा व्हिडिओ उलगडण्यासाठी बनवलेली असते. एच.२६४ ही पद्धत ठरली २००३ मध्ये आणि एच.२६५ त्यानंतर दहा वर्षांनी. जी भाषा नियम ठरले तेव्हा जन्मलीच नव्हती ती त्या चिपला कुठून कळणार? कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर टाकून भागतं, साध्या प्लेअरचं तसं नाही. काही प्लेअरवर डिव्हएक्सचा शिक्का असतो, ते एव्हीआय प्रकारातल्या काही फाईली वाचतात. पण त्या भरवशावर राहू नका.

आपल्याकडे टीव्हीची पद्धत पाल. त्यामुळे डीव्हीडीचे नियम असे : चित्र ७२० × ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम, आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने, आणि चित्र-आवाज सगळं मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट. चित्रासाठी ३५२ × २८८ हा लहान आकारही नियमात बसतो. हा आकार लक्षात ठेवा, पुढे कामी येतो.

दुसरी गंमत म्हणजे डेटा डीव्हीडी आणि व्हिडिओ डीव्हीडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाईल नुसती कॉपी करून डिस्क जाळली तर ती डेटा डिस्क झाली. प्लेअर शोधतो व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर. त्यात व्हीओबी फाईलींमध्ये चित्र-आवाज असतो, आणि कुठून काय सुरू करायचं याचा नकाशा आयएफओ फाईलींमध्ये असतो. हे बांधून देण्याच्या कामाला ऑथरिंग म्हणतात.

चित्राचं गणित

२००८ च्या क्लिपा होत्या १७६ × १४४ पिक्सेलच्या, म्हणजे एका फ्रेममध्ये २५,३४४ ठिपके. डीव्हीडीच्या पूर्ण फ्रेममध्ये ४,१४,७२० ठिपके असतात. सोळा पटींहून जास्त! हे वरचे ठिपके सॉफ्टवेअर अंदाजानं भरतं, आजोबांच्या चेहऱ्यावर ते नव्यानं उगवत नाहीत. त्यामुळे अशा क्लिपसाठी ३५२ × २८८ हा आकार घ्यावा. तो मूळच्या बरोबर दुप्पट लांब आणि दुप्पट उंच आहे, म्हणून चित्र वेडंवाकडं ताणलं जात नाही. टीव्हीचा आकार ४:३ ठेवायचा. १६:९ केला की माणसं जाडी दिसतात. जुन्या क्लिपमध्ये सेकंदाला १५ फ्रेम असतील तर २५ करण्यासाठी १० फ्रेम पुन्हा दाखवल्या जातात. हालचाल थोडी अडखळते, त्याला इलाज नाही.

आजच्या फोनचा प्रश्न उलटा आहे. चित्र भरपूर मोठं, ते लहान करायचं. पण फोन सेकंदाला साधारण ३० फ्रेम घेतो आणि तेही कमी-जास्त करत. त्यामुळे लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज मागे-पुढे होऊ शकतात. आधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग स्थिर २५ करून घेतला तर हे टळतं. (हँडब्रेक स्वतः डीव्हीडी बनवत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.) आणि फोन उभा धरून काढलेला व्हिडिओ १६:९ टीव्हीवर रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. गॅदरिंग असो की गावचा भंडारा, फोन आडवा धरा रे भाऊ!

आवाज : इथे खरी मेख

एएमआर पद्धत फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेली. ती आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते. आपण सिग्नल्सच्या पेपरला शिकलोय की नमुन्यांच्या निम्म्यापेक्षा वरची वारंवारता पकडता येत नाही. म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. माणसाचा आवाज त्यात ओळखू येतो, पण खंजिरीच्या झांजांची किणकिण बरीचशी त्याच्या वरची. क्लिपमध्ये खंजिरी म्हणूनच पत्र्यावर हात मारल्यासारखी वाजते. तुकडोजी महाराजांच्या मुलखात राहून खंजिरीचा असा आवाज ऐकायला जिवावर येतं. पण ८,००० नमुन्यांचे ४८,००० केले म्हणून ती किणकिण परत येत नाही. खरखर काढायचं सॉफ्टवेअर जोरात लावलं तर उरलेला गळाही पाण्यातून आल्यासारखा होतो. म्हणून आवाज फक्त थोडा मोठा करायचा आणि सोडून द्यायचा. आजी डिस्क पाहून एवढंच म्हणाल्या, "आवाज तं त्याईचाच आहे." आमच्यासाठी तेवढं पुरे होतं.

प्रत्यक्ष कृती

१) मेमरी कार्डवरच्या मूळ फाईली आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा. कार्डवर थेट काम करू नका.

२) फाईल व्हीएलसीमध्ये शेवटपर्यंत चालते का, ते पाहा.

३) डीव्हीडीस्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. ते सुरुवातीलाच विचारतं : पाल की एनटीएससी (पाल), ४:३ की १६:९, आवाज कोणता (एसी-३).

४) क्लिपा ओढून आत टाका. प्रत्येकीचा आकार तिच्या प्रॉपर्टीमध्ये ठरवता येतो. मेनूवर मोठ्या अक्षरांची मोजकी बटणं ठेवा. वापरणारे म्हातारे डोळे आहेत.

५) थेट डिस्क न जाळता आधी आयएसओ फाईल बनवा आणि ती व्हीएलसीवर तपासा.

६) यूएसबीचा बाहेरचा राईटर मिळवा. डिपार्टमेंटच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरलाही अनेकदा राईटर असतो, सरांना विचारून पाहा. कोरी डिस्क डीव्हीडी-आर घ्या, पुन्हा लिहिता येणारी घेऊ नका, जुने प्लेअर ती वाचताना कुरकुरतात. वेग ४ एक्स ठेवा. भरलेली डिस्कही पंधरा-एक मिनिटांत होते.

किती मावतं? ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. (कॉम्प्युटर १,०२४ च्या हिशेबानं मोजतो, म्हणून त्याला ते ४.३८ दिसतं.) दोन तासांचा कार्यक्रम असेल तर भागिले ७,२०० सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट. आवाज आणि मेनूची जागा सोडून चित्राला ४.७ द्या. एका तासाचा असेल तर गणित १०.४ येतं, पण ते नियमाबाहेरचं आहे. ८ वर थांबा.

डिस्क म्हणजे तिजोरी नव्हे

गाडगेबाबांनी ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात कीर्तन केलं. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचं निधन झालं. ते कीर्तन आज आपण मोबाईलवर ऐकू शकतो, कारण तेव्हा कोणीतरी ते ध्वनिमुद्रित केलं आणि पुढे कोणी ना कोणी ते जुन्या साधनातून नव्या साधनात उतरवत राहिलं. मधली एक कडी तुटली असती तरी ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला नसता.

आपल्या घरच्या क्लिपांचंही तसंच. डीव्हीडी ही पाहण्याची सोय आहे. अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवलेली कोरून घेतलेली डिस्क किती टिकेल याची हमी नाही. शिवाय कन्व्हर्ट करताना प्रत्येक वेळी चित्रातलं थोडं जातंच. तेव्हा मूळ थ्रीजीपी फाईली पुसू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. फाईलीच्या नावात कोण, कुठे, कोणत्या साली हे लिहून ठेवा. आज ते आजीला माहीत आहे, उद्या सांगायला कोणी नसेल.

या दिवाळीत घरी गेलात की फराळाच्या आधी ते जुने मोबाईल आणि कार्डं शोधा. बॅटरी फुगलेली असेल तर फोन चार्जिंगला लावू नका, नुसतं कार्ड काढून घ्या. बाकीचं काम एका रविवारचं आहे.