लंगडी घालताना दुसरा पाय कुठे असतो?

मूल नीट पळतं का, असं घरात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘दिवसभर हुंदडतच असतं की!’ पण हुंदडणं वेगळं आणि पळण्याची ढब वेगळी. पळणं, उडी, लंगडी, फेकणं, झेलणं यांना मूलभूत हालचाल-कौशल्यं म्हणतात. पुढे कबड्डी असो वा क्रिकेट, सगळं यांच्यावरच उभं राहतं.

ती तपासण्यासाठी डेल उलरिच या अमेरिकी अभ्यासकांनी १९८५ साली टीजीएमडी नावाची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत १३ कौशल्यं आहेत, ६ पायांची आणि ७ चेंडूची. ती ३ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे. मूल किती लांब गेलं हे ती मोजत नाही, कसं गेलं ते पाहते. आपण घरी किंवा शाळेत तिचं तत्त्व वापरू शकतो.

आधी जागा. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत आपल्याला किनारा आहे, पण कोरड्या वाळूत पाय रुततो आणि चांगलं पळणारं मूलही पाय आपटत चालल्यासारखं दिसतं. सुकतीला उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू चालते. मात्र ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा ‘दर मंगळवारी दहाला’ असं ठरवू नका. शाळेचं पटांगण त्याहून सोयीचं. पुढच्या वेळीही तीच जागा घ्या आणि चपला काढायला सांगा.

मग करून दाखवा. एकदाच, आणि न बोलता. ‘हात हलव, गुडघा वाकव’ असं सांगितलं की आपण मुलाला तपासत नाही, शिकवत असतो. एक सरावाची खेप द्या, मग दोन खेपा मोजा. बाकीच्या मुलांना पाठमोरं बसवा, नाहीतर पाचवं मूल चौथ्याची नक्कल करतं.

आता लंगडी. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण लंगडी आपल्याला येतेच असं आपल्याला वाटतं. पाहायच्या गोष्टी चार. उचललेला पाय झोपाळ्यासारखा पुढे हेलकावा घेतो का? त्याचं पाऊल लंगडीच्या पायाच्या मागेच राहतं का? हात कोपरात वाकून पुढे झुलतात का? आणि सलग चार उड्या होतात का? पुष्कळ मुलं उचललेलं पाऊल हाताने धरून ठेवतात. उड्या दहा होतात, पण हेलकावा नाही आणि हातही अडकलेला. खेळातल्या लंगडीत गडी बाद करायला हात पुढे धावतात, म्हणून खेळ चालू असताना गुण देऊ नका; सरळ रेषेत घालायला लावा.

पळणं बाजूने पाहा. दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात का, ते समोरून कळत नाही. मोबाइलवर चित्रण करून सावकाश पाहिलं तर उत्तमच.

फेकण्यात नेहमीची चूक म्हणजे उजव्या हाताने फेकताना उजवाच पाय पुढे टाकणं. हवा डावा. डावखुऱ्यांचं उलट. लगोरीत नेम धरून हळू फेकतात, त्यात अंग वळतच नाही. म्हणून भिंतीवर जोरात फेकायला सांगा. झेलणं सकाळी उरकून घ्या, दुपारी खारा वारा हलका चेंडू भरकटवतो. चेंडू छातीशी कवटाळला तर तो झेल धरू नका, फक्त पंजांनी पकडलेला धरा.

प्रत्येक गोष्टीला १ किंवा ०. अर्धा गुण नाही. लंगडीचे दोन खेपांचे मिळून ८. शून्य दिसलं की काय शिकवायचं ते कळलं. मूळ चाचणीतले वयाचे तक्ते अमेरिकी मुलांवरून केलेले आहेत, त्यावरून आपल्या मुलाला मागे पडलेलं ठरवू नका. सहा महिन्यांनी त्याच मुलाचा आधीचा कागद शेजारी ठेवा.

खेलो इंडियाच्या शालेय तपासणीत लहान वर्गांना वजन-उंची, एका पायावरचा तोल आणि हाताची चपळाई पाहतात. फेकणं-झेलणं त्यात येत नाही, ते आपणच पाहायचं.

पाच वर्षांचं मूल सारखं पडत असेल, किंवा एका पायावर क्षणभरही उभं राहत नसेल, तर गुण देत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. तारीख बाईंना विचारून ठेवा आणि चित्रण सोबत न्या.