शाळेसाठी सुट्या खोक्यांची मांडणी

खेडेगावातील शाळेचे लाकडी कपाट बहुधा खालून बिघडत जाते. पावसाळ्यात जमिनीची ओल तळफळीत चढते, तिच्यामागून वाळवी येते, आणि वरच्या फळ्या शाबूत असतानाही सबंध कपाट जडसंग्रहातून निर्लेखित करण्याची पाळी येते. यात दोष लाकडाचा थोडा व बांधणीचा अधिक. तळफळी खिळ्यांनी व सरसाने अशी पक्की केलेली असते की, ती काढू जाता बाजूच्या फळ्या चिरतात. मग नवे कपाट मिळेपर्यंत मुलांची पुस्तके कोपऱ्यात ढिगाने पडून त्यांस कसर लागते.

यासाठी कपाट एकसंध न करविता सारख्या मापाच्या सुट्या खोक्यांची मांडणी करवून घ्यावी. खोके आतून 60 सें.मी. लांब, 32 सें.मी. उंच व 25 सें.मी. खोल असावे; एवढ्या उंचीत हल्लीची मोठी पाठ्यपुस्तके उभी राहतात. उभ्या फळ्या वाचविण्यासाठी सुतार लांबी वाढवू पाहील, त्यास रुकार देऊ नये. दोन आधारांतील अंतर दुप्पट झाले, तर तेवढ्याच वजनाने फळीस येणारा झोल आठपट होतो. थर तीनच ठेवावेत व वरचे खोके लोखंडी पट्टीने भिंतीस जखडावे, कारण मुले मांडणीवर चढणारच! मात्र भिंतीपासून चार बोटे अंतर असावे, म्हणजे वाळवीची माती वेळीच दिसते.

खोक्यांखाली वेगळी बैठक हवी. कीड प्रथम तेथेच लागेल हे गृहीत धरून ती केवळ स्क्रूंनी जोडावी. सागवान घेतले तरी सालीलगतचा पांढरा भाग वापरू नये. वाळवीस तोंड देतो तो गाभा. स्क्रूस मेण लावून बसविल्यास पुढे तो सहज सुटतो. पाठीची फळी खिळ्यांनी न ठोकता खाचेत किंचित मोकळी सरकवावी, कारण लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. असे सैल काम पाहून सुतार प्रथम नाक मुरडतो. त्यास कारण समजावून द्यावे.

सर्व मापांच्या खुणा केलेली एक लाकडी पट्टी शाळेत जपून ठेवावी, म्हणजे सुतार बदलला तरी नवी फळी त्याच मापाची होईल. जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक खोके व बैठक यांस स्वतंत्र क्रमांक द्यावा. मोडेल तेवढ्याचेच निर्लेखन करता येते.