ऑईल गळतंय? आधी ब्रीदर पाईप बघा

कारंजा धरणावरून, भीमाकाठावरून मासळी भरून आपल्या गाड्या पहाटेच बाजाराला निघतात. गाडी वाटेत बसली की बर्फ वितळतो, मालाचा भाव पडतो. म्हणून आम्ही हे सांगतोय.

इंजिन चालताना थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतोच. तो ब्रीदर पाईपातून निघतो. आताच्या गाड्यांत परत इंजिनच्या हवेत जातो. पाईप चोक झाला की आत प्रेशर वाढतं आणि ऑईल सीलमधून बाहेर येतं. मग नुसतं सील बदलून उपयोग नाही, नवंही गळेल.

गाडी आयडलवर ठेवा, ऑईलचं झाकण जपून सैल करा. झाकण उडायला लागलं, दाट धूर आला तर आधी ब्रीदर साफ करून घ्या. तरी तसंच असेल तर बॅक कॉम्प्रेशन, बहुतेक रिंगा झिजल्यात, मेस्त्रीला दाखवा.

ऑईल वेळेवर बदला, पट्टीच्या वरच्या खुणेपुढे भरू नका. टर्बोच्या पाईपात ऑईल साचू देऊ नका. ते जास्त ओढलं गेलं तर डिझेल इंजिन किल्ली बंद केली तरी थांबत नाही.

पुढच्या सर्व्हिसला मेस्त्रीला एवढं विचाराच: ब्रीदर साफ केला का?