छोटी गाडी सोडून मोठी घेताना : साडेतीनशेची रेषा आणि घरचा हिशेब

भिवंडीत ग्रे कापडाचा व्यापार करीत आम्हाला तीस वर्षे होत आली. सुताचे भाव, वीजदर, उधारीची वसुली हे आमचे नेहमीचे विषय. ह्या खेपेस मोटारसायकलवर लिहितो आहोत म्हणून वाचकांनी आश्चर्य मानू नये. आज कित्येक व्यापारी घरांत गल्ल्यातून निघणारी मोठी रक्कम मुलाच्या गाडीवर जाते, आणि ती देताना आपण कापडाच्या एका थानाइतकीही चौकशी करीत नाही. आम्हीही करणार नव्हतो. करावी लागली, ती अशी.

आमचे मरहूम थोरले बंधू जाऊन नऊ वर्षे झाली. दुकानातला त्यांचा हिस्सा आम्ही वेगळ्या वहीत जपून ठेवला आहे. ती त्यांच्या मुलाची अमानत आहे. हा पुतण्या आता तेवीस वर्षांचा असून दुकानात आमच्याबरोबर बसतो. चार वर्षांपूर्वी त्याला एक जुनी यामाहा आर-१५ घेऊन दिली होती. मागील वर्षी एका संध्याकाळी दुकान बंद करताना तो म्हणाला, "चाचा, माझ्या हिश्श्यातून पैसे द्या. केटीएमची आरसी ३९० घ्यायची आहे."

आम्ही विचार न करता नाही म्हणालो. त्याने वाद घातला नाही, पण जेवायलाही आला नाही. रात्री भाभींनी बोलावून घेतले. म्हणाल्या, "पैसा त्याचा आहे, भाई. तुम्ही नाही म्हणालात तर तो मित्राची मोठी गाडी मागून नेईल आणि आपल्याला कळणारही नाही. त्यापेक्षा त्याच्याबरोबर जाऊन चार गाड्या पाहा." त्या बरोबर बोलत होत्या. पैसा त्याचा होता. आमची होती ती फक्त भीती.

आधी तक्रार लिहा, मग गाडी पाहा

गिऱ्हाईक दुकानात येऊन 'काहीतरी चांगले दाखवा' म्हणते तेव्हा आम्ही आधी विचारतो, कशासाठी पाहिजे? शर्टाला, अस्तराला की चादरीला? तोच प्रश्न पुतण्याला विचारला. आर-१५ मध्ये काय कमी पडते ते कागदावर लिहून आण, असे सांगितले.

त्याने तीन गोष्टी लिहिल्या. महिन्यातून दोनदा तो मालाच्या कामासाठी मालेगावला जातो. जाणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये आमच्या भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला खरा, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे. म्हणजे कसारा घाट आणि नाशिकचा जुना महामार्गच. त्या घाटात ट्रकला ओलांडताना दोन गिअर खाली यावे लागते आणि तरी गाडी वेळेवर उचलत नाही, ही पहिली तक्रार. शंभर किलोमीटरनंतर मनगट आणि कंबर धरते, ही दुसरी. मागच्या सीटवर अम्मीला बसवता येत नाही, ही तिसरी.

वाचकांनी लक्षात घ्यावे, ह्या तिन्हींत 'जास्तीत जास्त वेग' कोठेच नाही. आरसी ३९० त्याला आवडली होती ती चित्रात पाहून. गरज वेगळी होती.

अश्वशक्तीपेक्षा ओढ पाहा

आर-१५ ही गाडी २००८ साली आपल्याकडे आली. शिकण्यासाठी ती उत्तम आहे. आताच्या १५५ सीसीच्या गाडीत साधारण १८ अश्वशक्ती आणि वजन १४२ किलो. चूक झाली तर पोटात घेते. ह्यानंतरच्या पायरीवर मुलांच्या तोंडी जी नावे असतात ती अशी : कावासाकी निंजा ३००, टीव्हीएस अपाचे आरआर ३१०, केटीएम आरसी ३९० आणि वेगळ्या घडणीची रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५०. निंजात सुमारे ३९ अश्वशक्ती, अपाचेत वर्षानुसार ३४ ते ३८, आरसीत सुमारे ४३, इंटरसेप्टरमध्ये ४७. म्हणजे एका उडीत ताकद दुप्पट किंवा अडीचपट होते.

पण अश्वशक्ती हा कमाल आकडा झाला. घाटात कामाला येते ती ओढ, ज्याला टॉर्क म्हणतात, आणि ती इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळते हे. निंजाची सर्वाधिक ओढ सुमारे २६ न्यूटन-मीटर, पण ती मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर. खाली ती शांत असते. पिळाल तर पळते. आरसी ३९० ची ओढ ३७ न्यूटन-मीटर आणि ती ७,००० फेऱ्यांवरच हाती येते. नवख्या हाताला हाच धक्का बसतो. इंटरसेप्टर ५२ न्यूटन-मीटर देते, तेही सुमारे ५,२०० फेऱ्यांवर. मात्र ती दोनशे किलोच्या वरची गाडी आहे. आर-१५ ची ओढ १४ च्या आसपास. घाटातली तक्रार कोठून आली ते ह्या आकड्यांवरून कळते.

कायदा पायरी घालत नाही

युरोपीय संघात हा निर्णय घरच्यांवर सोडलेला नाही. तेथे पहिला परवाना १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतचा, दुसरा ३५ किलोवॅटपर्यंतचा, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती. दुसऱ्या परवान्यावर दोन वर्षे काढल्यावर, किंवा थेट चोविसाव्या वर्षी, पाहिजे ती गाडी चालवता येते. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली आणि गिअरच्या मोटारसायकलचा परवाना हाती आला की १५० सीसी चालवा की १,००० सीसी, कायद्याच्या लेखी फरक नाही. म्हणून पायरी घालण्याचे काम घरातल्या मोठ्यांचे. ते 'नाही' म्हणून होत नाही, हे आम्ही शिकलो. मोठ्यांनी आकडे समजून घेऊन मुलासमोर बसावे लागते.

साडेतीनशेच्या अलीकडे आणि पलीकडे

आता व्यापाऱ्याच्या कामाची गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. त्याआधी खालच्या गाडीवर २८ टक्के होता आणि वरच्या गाडीवर २८ अधिक ३ टक्के उपकर. समजा, करापूर्वीची किंमत अडीच लाख आहे. पूर्वी ३५० च्या आतली गाडी ३,२०,००० ला पडे आणि वरची ३,२७,५०० ला. फरक साडेसात हजारांचा. ह्या नव्या दराने आतली २,९५,००० आणि वरची ३,५०,०००; फरक पंचावन्न हजारांचा. ३७३ सीसीची आरसी ३९० ही रेषेच्या केवळ २३ सीसी पलीकडे आहे.

विम्यातही हीच रेषा आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीला त्याचे ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७ रुपये, कर वेगळा. १५५ सीसीची आर-१५ आणि ३१२ सीसीची अपाचे एकाच दरात येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या राज्यात रस्ता करही इंजिनाच्या आकाराप्रमाणे चढत जातो.

काही व्यापारी बंधू म्हणतात, गाडी फर्मच्या नावावर घेऊ आणि जीएसटी वळता करून घेऊ. तसे होत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे माणसे नेण्याच्या अशा वाहनावर भरलेला कर आपल्यासारख्या कापडवाल्यांना वळता मिळत नाही. त्या भरवशावर सौदा करू नये.

पेट्रोलचे गणित सोपे आहे. आर-१५ लिटरला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जाते, ह्या मोठ्या गाड्या पंचवीस ते तीस. महिन्याला हजार किलोमीटर चालवली तर दहा-बारा लिटर जास्त. शिवाय टायर रुंद आणि महाग. आम्ही उधारीवर माल घेत नाही आणि व्याजाच्या हप्त्यावर गाडीही घेत नाही. रोखीने घेताना हे सर्व खर्च आधी मांडता येतात. हप्त्यात ते दिसत नाहीत.

जुनी घ्यावी का?

मोटार विम्याच्या तक्त्यात गाडीची किंमत पहिल्या वर्षाअखेर १५ टक्क्यांनी उतरते, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या ३०, चौथ्या ४० आणि पाचव्या वर्षी निम्मी धरतात. पहिल्या मालकाने हा घसारा सोसलेला असतो. तीन-चार वर्षांची, नीट सांभाळलेली गाडी आम्हाला त्यामुळे पटली.

परंतु डोळे उघडे ठेवावेत. पहिली आर-१५ घेताना एका विक्रेत्याने आम्हाला नोंदणी पुस्तक दाखवले, पण त्यावरचा कर्जाचा बोजा उतरलेला नव्हता. तो उतरवून गाडी नावावर होईपर्यंत तीन महिने गेले. तेव्हापासून आमचा शिरस्ता असा : पैसे देण्यापूर्वी वाहन नोंदणीची सरकारी नोंद पाहावी, बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आधी घ्यावा, आणि गाडी नावावर होताच चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. हँडल पूर्ण वळवून ते थांबते तेथे ठोकल्याची खूण आहे का, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळते का, हे पाहावे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याआधीची गाडी स्वस्त मिळाली तरी एबीएस नसेल तर आम्ही घेणार नाही. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर इंधनाचे रबरी पाइप व सील मेकॅनिकला दाखवावेत, कारण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते.

बसून, ढकलून पाहिले

आम्ही दोघे तीन रविवार फिरलो. पुतण्याने गाड्या चालवून पाहिल्या, आम्ही त्याला आणखी एक काम दिले : गाडी बंद करून गल्लीत दहा पावले मागे ढकल. आरसी आणि अपाचे आर-१५ पेक्षा तीसेक किलोंनी जड. आमच्या गल्लीत टेम्पो उभा असला की रोज हेच करावे लागते. इंटरसेप्टर त्याला बसायला सर्वांत आवडली, पाठ सरळ राहिली, पण ढकलताना घाम फुटला. आरसी ३९० चालवून तो उतरला तेव्हा हसत होता. थोड्या वेळाने आपणच म्हणाला, "चाचा, मजा आली. पण अंजूर फाट्याच्या गर्दीत ही मला सुचू देणार नाही." हे त्याने म्हणणे आणि आम्ही म्हणणे ह्यांत फार अंतर आहे.

शेवटी त्याने २०२१ सालची अपाचे आरआर ३१० पसंत केली. कारण आम्हाला आवडले. २०२० पासूनच्या ह्या गाडीत चार 'मोड' आहेत. पाऊस आणि शहर ह्या दोन मोडमध्ये इंजिन ३४ ऐवजी सुमारे २६ अश्वशक्तीच देते. कायद्याने न घातलेली पायरी ह्या बटणात होती. पहिले तीन हजार किलोमीटर शहर मोडमध्येच चालवायचे, असे त्याने कबूल केले. आणि रकमेतून सर्वांत आधी आयएसआय छापाचे पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि बूट, उरलेल्यात गाडी. आर-१५ विकून त्यातले बरेचसे निघाले.

दुसऱ्या घरात दुसरी गाडी योग्य ठरेल. ज्याला रोज बायकोला मागे बसवायचे आहे त्याने सरळ बसण्याची गाडी पाहावी. ज्याला फक्त शहरात फिरायचे आहे त्याने आर-१५ च ठेवावी. आमच्या पुतण्याच्या तीन तक्रारींपैकी दोनच मिटल्या. अपाचेची मागची सीटही अम्मीला बसण्याजोगी नाही. भाभी अजून रिक्षानेच जातात.

मरहूम भावाच्या वहीत आम्ही तारीख, रक्कम आणि खाली अटी लिहिल्या. पुतण्याने स्वतः वाचून सही केली. एक अट त्याने आपणहून घातली होती, कसाऱ्याला थांबून चहा घेताना घरी फोन करायचा. पहिल्या फेरीला सकाळी साडेआठला फोन वाजला. भाभींनी उचलला, 'हां, बेटा' एवढेच म्हणाल्या आणि ठेवला. मग आम्ही दुकान उघडायला निघालो.