पाण्याखालचे गाव आणि पडद्यावरचा नकाशा

चौथीच्या वर्गाला परिसर अभ्यास शिकविणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी गेल्या हिवाळ्यात मला बोलावून घेतले. त्यांची शाळा उजनीच्या जलाशयाकाठी आहे. "इंटरनेटवर नकाशे आणि उपग्रहाची चित्रे पुष्कळ आहेत, पण मुलांनी 'हे कसं?' विचारलं की मी अडखळते. तुम्ही पदार्थविज्ञानाचे, जरा येऊन सांगा," असे त्यांचे म्हणणे. लॅपटॉप पिशवीत टाकला आणि गेलो.

सुरुवात जगाच्या नकाशापासून केली. लगेच एक मुलगा म्हणाला, "सर, ग्रीनलंड आपल्या भारताच्या कितीतरी पट मोठा!" विद्यार्थी मित्रांनो, पडद्यावर तसे दिसते खरे. वास्तविक भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.८७ लाख चौरस किलोमीटर आहे आणि ग्रीनलंडचे सुमारे २१.६६ लाख. मग डोळ्यांना हा धोका का व्हावा? संत्र्याची साल टेबलावर सपाट करून पाहा. ती फाटते तरी किंवा ताणावी तरी लागते. मर्केटरने १५६९ मध्ये केलेल्या नकाशात ती ताणलेली आहे, आणि इंटरनेटवरचे बहुतेक रस्त्यांचे नकाशे आजही त्याच पद्धतीवर बेतलेले आहेत. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका ताण वाढतो. ६० अंश अक्षांशावर लांबी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. दहावीत त्रिकोणमिती शिकलेल्यांनी लक्षात घ्यावे की हा ताण अक्षांशाच्या कोसाइनच्या व्यस्त प्रमाणात असतो.

याचा पडताळा घरी घेता येईल. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून तयार केलेला नकाशा उघडा. मुंबई पडद्याच्या मध्यभागी आणा आणि कोपऱ्यातील प्रमाणपट्टी पाहा. आता आकार लहानमोठा न करता नकाशा नुसता खाली सरकवत श्रीनगरपर्यंत जा. मुंबईजवळ जेवढ्या लांबीत १०० किलोमीटर मावत होते, तेवढ्यातच श्रीनगरजवळ सुमारे ८८ मावतात. चौथीच्या मुलांना मी हे गणित सांगितले नाही. पृथ्वीचा गोल आणि नकाशा शेजारी ठेवून दोन्हींकडे बोट दाखविले, तेवढे त्यांना पुरले.

मग गाव शोधायला निघालो. सर्वांत दुरून पाहिले तर सगळे जग २५६ गुणिले २५६ ठिपक्यांच्या एका चौकोनात बसते. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर, म्हणून तेथे एक ठिपका सुमारे १५६ किलोमीटरांचा. या ठिपक्यात आख्खे सोलापूर शहर हरवून जाईल! दर पायरीला ठिपका निम्मा होतो आणि चौकोन चौपट होतात. अठराव्या पायरीवर ठिपका सुमारे ६० सेंटिमीटरांचा होतो, आणि सगळे जग झाकायला सुमारे ६,८७२ कोटी चौकोन लागतात. अर्थात आपल्याकडे त्यांतले पाचपन्नासच येतात. म्हणून तर खेड्यातल्या बेताच्या जोडणीवरही नकाशा चालतो.

शाळेचे छप्पर दिसताच एकच गलका झाला. तो ओसरल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, आमच्या आजोबांचं गाव पाण्याखाली हाय. ते दावा की."

मी जरा थांबलो. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि भीमेकाठची कित्येक गावे उठली. त्या मुलीला वाटत होते की उपग्रह इतक्या उंचावरून पाहतो, तर पाण्यातूनही पाहत असेल. पाहत नाही. सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पाण्याच्या वरच्या थरातच शोषले जातात. त्यामुळे त्या किरणांनी घेतलेल्या चित्रात जलाशय काळा दिसतो. निळा-हिरवा प्रकाश स्वच्छ पाण्यात काही मीटर खोल जातो, परंतु गाळाने आणि शेवाळाने भरलेल्या पाण्यात तोही लवकर विरतो.

मग मागच्या काळात जावे का? गूगल अर्थमधील कालचित्रे १९८४ पासूनची, म्हणजे धरणानंतरची. पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सुटला, पण त्याचा ठिपका सुमारे ८० मीटरांचा. तीनशे मीटर लांबीरुंदीचे गाव त्याच्या चित्रात चार ठिपके लांब आणि चार ठिपके रुंद. त्यात घर कोणते नि देऊळ कोणते, कसे ओळखणार?

शेवटी उपयोगी पडला तो छापील नकाशाच. अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने १९५५ च्या सुमारास भारताचे १ : २,५०,००० प्रमाणाचे नकाशे छापले. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. बाईंनी आमच्या भागाचा नकाशा उघडला. जलाशय नाही! नुसती भीमा, वळणे घेत गेलेली, आणि काठाने गावांची नावे. ती इंग्रजीत असल्यामुळे बाई एकेक वाचत गेल्या. चौथ्या की पाचव्या नावाला ती मुलगी म्हणाली, "हेच!" वर्ग एकदम शांत झाला.

दुसऱ्या दिवशी आजोबाच शाळेत आले. गाव उठले तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिले आणि विचारले, "यात आमची विहीर कुठंय?"

मी हिशेब केला. या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. गावच मुळी सव्वा मिलिमीटरभर. पाच मीटर रुंदीची विहीर ०.०२ मिलिमीटरांची, केसाहूनही बारीक. कोणत्याही छापखान्याला ती उमटवता आली नसती. माझे उत्तर बरोबर होते, पण आजोबांचा चेहरा पाहून मला ते अपुरे वाटले.

बाईंनी मात्र ड्रॉइंगचे कागद चिकटवून मोठा तावच जमिनीवर पसरला. चुंबकसूची ठेवून उत्तर दिशा जुळविली. प्रमाण ठरले : एक सेंटिमीटरला दहा पावले. आजोबा सांगू लागले आणि मुले काढू लागली. देवळापासून नदीचा घाट तीनशे पावले, म्हणजे तीस सेंटिमीटर. वाटेत आठवड्याचा बाजार. त्याच्या अलीकडे विहीर. पाऊल पाऊण मीटरचे धरले तर या प्रमाणात विहीर सुमारे सात मिलिमीटरांची होते. त्या मुलीने ती स्वतः, आजोबांची बांगडीएवढी खूण पुसून, मोजून काढली. चावडी देवळाच्या कोणत्या अंगाला होती यावर मात्र आजोबांना नक्की सांगता येईना. शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारायचे ठरले, आणि तोवर तेथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह घातले.

आता उपग्रहाचे नवे चित्र आले की बाई मुलांना पाणी किती उतरले ते पाहायला लावतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर ठिपक्याची चित्रे फुकट मिळतात, तीच त्या वापरतात. मे महिन्यात देऊळ उघडे पडले, तर आजोबांना घेऊन घाटापर्यंतची पावले मोजायला जायचे आहे. मलाही बोलावले आहे. मोजपट्टी मी नेणार आहे.