दोन भाषांची शाळा

दुसरी भाषा यावी म्हणून मातृभाषा मागे सारावी लागते, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. अमेरिकेतील मायामी येथील कोरल वे प्राथमिक शाळेने १९६३ साली निराळा मार्ग धरिला. क्यूबातून आलेली स्पॅनिशभाषी व स्थानिक इंग्रजीभाषी मुले तेथे अर्धा दिवस मातृभाषेतून, अर्धा दिवस दुसऱ्या भाषेतून शिकू लागली. खेळ व संगीत एकत्र होई. मातृभाषेत उमगलेली कल्पना पुन्हा शिकवावी लागत नाही. तिला केवळ नवे शब्द द्यावे लागतात. मेळघाटातील कोरकू बालकासही हेच लागू आहे. शिक्षकांनी त्याच्या भाषेस वर्गात हसू देऊ नये; तिच्यातील शब्दांपासूनच पाठ आरंभावा. घरी मुलांशी आपल्याच भाषेत मनमोकळे बोलावे, असे पालकांसही समजावून सांगावे.